म्हातारीचा अर्ज

डोळे मिटलेले होते म्हणून बरं, नाहीतर एंजेलाच्या चेहऱ्याचा उडालेला रंग त्या खोलीतल्या सगळ्यांना दिसला असता. एलिया सरांच्या घरी शुक्रवारची घरप्रार्थना चालली होती. गीतं झाली होती, वचन वाचून झालं होतं आणि आता सर एकेक विषय देवापुढे ठेवत होते. सर जुने मुख्याध्यापक, चर्चच्या मंडळीचे पंच. देवाशीसुद्धा ते शिक्षण खात्याच्या साहेबाशी बोलावं तसे अदबीनं आणि सविस्तर बोलत. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पावसानं दिलेली ओढ. एंजेला अर्ध्या कानानं ऐकत होती आणि उरलेलं मन घरी अडकलेल्या एका लग्नपत्रिकेच्या प्रुफात होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "आणि हे बापा, तुझी एक मुलगी, जिनं आजारी माणसाच्या उशाशी बसून तुझ्याकडे मागितलं, की म्हातारीला आता ने, घरातल्या माणसांचे हात थकले आहेत, तिच्या अंतःकरणाला तू स्पर्श कर." पुढचं तिला ऐकूच आलं नाही. ते वाक्य तिनं टाइप केलेलं होतं, आणि टाइप करून लगेच पुसून टाकलेलं होतं.

नाव घेतलं नव्हतं. नाव कधीच घेत नाहीत. या मंडळीत कुणी कुणाची चुगली करत नाही. कुणाचा संसार मोडला, कुणाचा मुलगा बाटलीला लागला, की ती गोष्ट आधी प्रार्थनेचा विषय होते आणि मग गावभर होते. विषय म्हटला की सांगणाऱ्यालाही पाप नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. एंजेलानं स्वतः अशा कितीतरी विषयांवर मान खाली घालून आमेन म्हटलं होतं, आणि घरी जाताना 'कोण गं ती?' असंही विचारलं होतं. आज कुणी विचारणार नव्हतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून टाइप करणारी बाई या वस्तीत एकच होती. तिनं हळूच डोळे उघडले. सगळे मिटल्या डोळ्यांनी बसले होते. शेजारी जोशुआ, तिचा नवरा, मांडीवर गीतांचं पुस्तक ठेवून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. वर्गात खोटं बोलताना पकडलेल्या पोराचे होतात तसे. त्या कानांनी तिला सगळं सांगून टाकलं.

चहाच्या वेळी भागूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एरवी या बाई तिच्या साडीची किंमत विचारून नाक मुरडायच्या. आज नुसता हात फिरवला, आणि एंजेलाला वाटलं यापेक्षा दोन शब्द टाकून बोलल्या असत्या तर परवडलं असतं. तारकपूरच्या घरापर्यंत दोघं चालत आली. जोशुआ वाटेत लोडशेडिंगबद्दल बोलत होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलत होता. तो गप्प राहायला घाबरत होता. ती मात्र मनातल्या मनात माणसं मोजत होती. ते वाक्य कुणाकुणाला माहीत होतं? तिला. सासूबाईंना, पण त्या गेल्या नाताळाच्या आधीच वारल्या. देवाला, आणि तो काही एलिया सरांच्या कानात येऊन सांगणार नाही. मग राहिलं कोण? राहिलं ते बाहेरच्या खोलीतलं यंत्र.

त्या यंत्रावर तिचं घर चालायला हातभार लागत होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंतचे लोकांचे अर्ज, मंडळीचं मासिक. मासिकात फोटो यायला लागल्यापासून डिस्क भरून गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिल्ली गेटजवळच्या चेतननं नवी बसवून दिली, जुनीच्या चौपट मोठी, आणि म्हणाला, ताई, ही आता तुमच्या नातवंडांना पुरेल. जुनी चांगली चालत होती. ती मंडळीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला दान द्यावी, ही कल्पना जोशुआची. रविवारी उपासनेनंतर तसं जाहीर झालं, टाळ्या वाजल्या. डिस्क खोक्यात भरताना तिनं चेतनला विचारलं होतं, यावरचं सगळं गेलं ना? चेतन म्हणाला होता, गेलं ताई, कोरी पाटी. त्यानं इतक्या सहज सांगितलं की पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं झालं असतं. चेतन तिला ताई म्हणायचा ते तोंडदेखलं नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात रक्ताची बाटली आणायला तोच धावला होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाताना तिला त्याचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. तिनं विचारल्यावर तो स्क्रू पिळत राहिला, वर बघेना. मग त्यानं सांगितलं. मासिकाचा ईस्टरचा अंक नव्या डिस्कवर यायचा राहून गेला होता, तो शोधायला जोशुआ सर ऑफिसात आले होते. जुन्या डिस्कवरही दिसेना, तेव्हा चेतननं पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम लावला. पुसलं म्हणजे जात नाही, हे तो तिला आता समजावून सांगत होता. यादीतून नाव खोडलं जातं एवढंच, माल असतो तिथेच, वर दुसरा माल पडेपर्यंत. अंक सापडला, पण त्याच्याबरोबर काही लहान लहान फायलीही वर आल्या. त्या प्रोग्रामला सगळं परत मिळतं, फायलीच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं मिळत नाही, ते माणसानं भरायचं असतं. नुसती 'ए, आय' ही इंग्रजी अक्षरं उरली होती. चेतननं सरांना विचारलं, काय भरू? सर म्हणाले, बी भर, कुठल्यातरी बाईचं काम असेल. एंजेलाला हसूच आलं. तिनं दिलेलं नाव 'आई' होतं, डबल ए, आय. पोटच्या पोरानं आईची बाई करून टाकली होती, आणि तीही इतक्या सहज.

"मी म्हनलो होतो सर, कचरा हाय, राहू द्या," चेतन म्हणाला. "पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं येत होती, अर्थ न्हाई, काय न्हाई. सर म्हनले, फॉन्ट लाव."

तेवढं ऐकून ती उठली. मराठी फॉन्ट लावल्याशिवाय तिच्या फायली उघडल्या तर कुणालाही रद्दीच दिसे, आणि त्या रद्दीवर तिचा इतके दिवस भरवसा होता. एक कुलूप पुसण्याचं, दुसरं रद्दीचं. दुसऱ्या कुलपाची किल्ली, तो फॉन्ट, ऑफिसला लागेल म्हणून तिनं त्याच डिस्कवर ठेवली होती, आणि डिस्क टाळ्यांच्या गजरात दान केली होती. हा तिचा वेडेपणा, तो तिनं मान्य केला. पण यंत्रानं नाव विचारलं तेव्हा थांबता आलं असतं. रद्दी दिसली तेव्हा तर थांबता आलंच असतं. 'फॉन्ट लाव' हे यंत्रानं म्हटलं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तिला रडू आलं नाही. ती सरळ घरी चालत आली.

बाहेरच्या खोलीत, जिथे आता कागदांचे गठ्ठे होते, तिथे सासूबाईंची खाट होती. मरियाबाई खर्ड्याकडच्या. अर्धं अंग गेलेलं, पाठीला जखमा, पण जीभ शेवटपर्यंत शाबूत. अक्षरओळख नाही, स्तोत्रं मात्र तोंडपाठ. स्वतःचं दुखणंखुपणं सांगताना त्या कधी 'मी' म्हणत नसत. म्हातारीला पानी दे, म्हातारीला कूस बदलायचीय, म्हातारीला आज बरं न्हाई. जणू खाटेवर दुसरीच कुणी पडली आहे आणि या तिची काळजी घेताहेत. सकाळी जोशुआ शाळेत गेला की एंजेला त्यांचं सगळं आवरायची आणि मग कामाला बसायची. लोक यायचे, बसायचे, ती त्यांचे अर्ज टाइप करायची, आणि म्हातारी खाटेवरून ऐकत राहायची. एके सकाळी कुणी नसताना ती म्हणाली, "एंजे, माझा बी एक अर्ज लिव." कुणाला लिहायचा, असं एंजेलानं थट्टेनं विचारलं. म्हातारी म्हणाली, "बापाला. तोंडी मागून मागून दमले. कचेरीत तोंडी कोन ऐकतं का? लिवून दिलं की दखल घ्यावी लागती."

मग तिनं सांगितलं, वरच्या पत्र्याकडे बघत, सावकाश. बापा, म्हातारीला आता ने. लई झालं. घरातल्या मान्सांचं हात थकलं. माझ्या जोशाच्या नरड्याला जप. त्याला ह्यातलं काय कळू दिऊ नगं. एंजेलाचे हात की-बोर्डवर थांबले होते. तिनं म्हटलं, आई, असं मागू नये. म्हातारी म्हणाली, मागायचं न्हाई मग काय करायचं, त्यो आपनहून द्यायला बसलाय का? जोशुआ आईसाठी दर शुक्रवारी उपास करत होता. मंडळीसमोर उभा राहून त्यानं साक्ष दिली होती, की माझी आई या खाटेवरून उठून चालत प्रभूच्या देवळात येईल. म्हातारीला ते ठाऊक होतं. "बापाफुडं दोन अर्ज पडल्यात," ती म्हणाली, "एक पोराचा, एक माझा. माझा हाय ते त्याला कळलं तर त्याचा इस्वास मोडंल. तुज्या तोंडून कंदी जाऊ दिऊ नगं." एंजेलानं तिच्या चांगल्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग म्हातारीनं विचारलं, लिवलं का समदं? लिहिलं, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "पूस आता. वाचलं त्यानं."

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज अर्ज, रोज पूस. मजकूर तोच, कधी एखादं वाक्य मागेपुढे. अर्ज झाला की म्हातारी खुशीत असायची, चहा मागून घ्यायची. त्या सकाळी आठवल्या की एंजेलाला वाटे, एवढी जवळीक तिची नवऱ्याशीही कधी झाली नाही. आणि त्या जवळिकीतच तिनं ती चूक केली होती, जिचा अर्थ तिला आत्ता, या कागदांच्या गठ्ठ्यांत उभं राहून लागत होता. तिनं म्हातारीची भाषा शुद्ध केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. बोटांची सवयच तशी होती. गावाकडचा माणूस कसाही बोलो, अर्ज शुद्धच गेला पाहिजे. 'लई झालं' चं 'फार झाले' झालं. 'हात थकलं' चं 'हात थकले आहेत' झालं. 'जोशा' चा 'जोशुआ' झाला. नरड्याशी ती अडखळली होती, म्हणाली होती, आई, नरडं नको, चांगलं दिसत नाही, घसा लिहिते. म्हातारी हसली होती. "घसा तुमचा. आमचं आपलं नरडंच." जोशुआला लहानपणी घटसर्प झाला होता, तेव्हा त्याला पाठुंगळी मारून ती खर्ड्याहून जामखेडला रात्रभर चालत आली होती, आणि वाटेभर एकच मागणं मागत होती, पोराच्या नरड्याला जप. तेव्हापासून तिच्या प्रत्येक प्रार्थनेत ते नरडं असायचं. एंजेलानं ते काढून टाकलं आणि तिथे घसा घातला. तेवढ्यानं म्हातारी त्या कागदातून निघून गेली आणि मागे एक सून राहिली, सासूच्या मरणाचा अर्ज करणारी.

शनिवारी दुपारी जोशुआ घरी आला तेव्हा त्यानंच विषय काढला. चेतननं सांगितलं असणार. तो खुर्चीवर बसला, चष्मा पुसला, आणि म्हणाला की त्यानं तिला माफ केलं आहे. त्याच्या आवाजात खरोखरच माया होती, हे तिला सर्वांत असह्य झालं.

"सरांना का सांगितलंत?" तिनं विचारलं.

"प्रार्थनेसाठी. एकट्याला झेपत नव्हतं मला. इतके उपास केले, एंजेला, आणि ते कुठे अडत होते ते मला आता कळलं."

"मला आधी विचारायचं होतं."

"काय विचारणार? त्याला काही कळू देऊ नकोस, असं तूच लिहिलं होतंस."

यावर तिच्या ओठांवर एकच वाक्य होतं. ते माझं नव्हतं, तुमच्या आईचं होतं. एवढं म्हटलं असतं की ती सुटली असती. पण ज्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून हातावर हात ठेवला, तोच समोर बसला होता, आणि त्याच्या उपासांना आता कुठे एक कारण सापडलं होतं. ते कारण काढून घेतलं तर उरणार काय? 'मी उपाशी राहून जिचं जगणं मागत होतो, ती माझ्या पाठीमागे मरण मागत होती.' तो मोडला असता. मोडू दे, असंही तिला वाटलं. अगदी स्वच्छ वाटलं. मग तिनं ओठ मिटून घेतले. जोशुआला ती कबुली वाटली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पुढच्या शुक्रवारची प्रार्थना आपल्या घरी आहे, दोन शब्द बोल, मन हलकं होईल.

तो आठवडा ती काम करत राहिली. पत्रिका गेल्या, प्रश्नपत्रिका गेल्या. लोक अर्ज घेऊन आले आणि तिनं पहिल्यांदाच कुणाचा शब्द बदलला नाही. एक म्हातारा 'आमची वाट आडवली हाय' म्हणाला तर तिनं 'हाय' च ठेवलं, आणि त्यानं काही तक्रार केली नाही, त्याला कुठे वाचता येत होतं. तिला राग येत होता तो डिस्कचा नाही, चेतनचा नाही, एलिया सरांचाही नाही. राग याचा, की जो माणूस चाळीस वर्षं आईच्या आवाजात वाढला, मराठी शिकवतो, मुलांना 'या ओळीत कवीला काय म्हणायचं आहे' असं रोज विचारतो, त्याला आपल्या आईचं मागणं ओळखता आलं नाही. भाषा शुद्ध केली म्हणून काय झालं? घरातल्या माणसांचे हात थकले, असं थकलेला माणूस म्हणतो का? थकलेले हात बघणारा म्हणतो. जोशुआचा घसा सांभाळ, असं त्याची बायको कशाला म्हणेल. ती त्याला सरळ काढा करून देईल. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. त्यानं फॉन्ट लावला, पण वाचलं नाही. आणि बायकोबद्दल वाईट तेवढं मात्र त्याला एका झटक्यात वाचता आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते वाईट तो कुठे साठवून बसला होता, हे तिला कळेना, आणि ते कळत नाही म्हणून तिला झोपेतून उठून बसावंसं वाटे.

शुक्रवारी खोली भरली. गठ्ठे आत नेऊन सतरंज्या घातल्या होत्या, कॉम्प्युटरवर धुतलेलं कापड टाकलं होतं. जिथे खाट होती तिथे भागूबाई बसल्या. लोक नेहमीपेक्षा जास्त आले होते. कुणाला दोष द्यावा, पश्चात्ताप बघायला माणसं हौसेनंच येतात. गीतं झाली. जोशुआ गायला, त्याच्या आवाजाला मंडळीत तोड नव्हती. वचन झालं. मग एलिया सर म्हणाले की आपली एक बहीण आज स्वतः प्रार्थना करणार आहे, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. एंजेलानं मिटले नाहीत. सगळ्या मिटलेल्या तोंडांकडे तिनं एकदा पाहून घेतलं. ती काय बोलणार हे तिनं ठरवलं नव्हतं. माझ्या हातून चूक झाली, असं एखादं शुद्ध वाक्य तिच्या मनात होतंही. तोंड उघडलं तेव्हा ते आलं नाही.

"बापा," ती म्हणाली, "माझ्या जोशाच्या नरड्याला जप रं."

एवढंच. त्यापुढचं म्हातारीचं काही तिनं बाहेर काढलं नाही. पण स्वर तो होता, खर्ड्याचा, 'रं' वर जरा रेंगाळणारा, आणि तो स्वर आपल्याकडे आहे हे तिचं तिलाही तोवर ठाऊक नव्हतं. भागूबाईंनी 'व्हय बापा' म्हटलं, सवयीनं. आणि जोशुआनं डोळे उघडले. त्यानं आधी भागूबाई बसल्या होत्या त्या जागेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर एकेक वाक्य उलटं जाताना तिला दिसलं, 'फार झाले' चं 'लई झालं' होताना, घशाचं नरडं होताना, बाईची आई होताना. त्याला सगळं कळलं. तिनं शब्द मोडला होता की पाळला होता, हे तिला ठरवता येईना, पण तो मोडून पडला नाही, बसून राहिला, हे तिनं पाहिलं. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं आता हा सांगेल, की सर, थांबा, चुकलं माझं.

एलिया सरांना वाटलं बहिणीला गहिवरून आलं आहे. त्यांनी तिची प्रार्थना आपल्या हाती घेतली आणि पुढे नेली. हे बापा, जिनं मरण मागितलं त्या तुझ्या मुलीला तिच्या अपराधाची क्षमा कर, आणि आम्ही सर्व जण मिळून म्हणतो. सर थांबले. एंजेला जोशुआकडे बघत होती. जोशुआ तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते तिला विनवत होते, अगदी त्याच्या आईसारखे, कळू देऊ नकोस. मग त्यानं ते मिटून घेतले.

आमेन सगळ्यांच्या आधी तोच म्हणाला. नरडं अगदी स्वच्छ होतं.